चार सेकंदांची जागा

टिण.

भिंतीवरची पितळी घंटी दुपारी दोन वाजून बावीस मिनिटांनी एकदाच वाजली आणि गप्प झाली. त्याआधी घरात इतकी सामसूम होती, की अंगणात वाळत टाकलेल्या जवळ्यावर घोंघावणाऱ्या माश्या आतल्या खोलीत ऐकू येत होत्या.

केतकी जुईच्या फ्रॉकांच्या घड्या घालत बसली होती. हातातली घडी तिने पुरी केली. दुसरा फ्रॉक घेतला, त्याचीही घातली. दाराशी लवंडलेल्या सासूबाई, चांगुणाबाई, गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. जेवणं होऊन तास उलटला होता, भांडीसुद्धा घासून पालथी घातली होती. तरी डब्याचं झाकण वाजलं, आणि पातेल्यात तांदूळ पडल्याचा आवाज आला. एक ओंजळ. एकच.

पाच वर्षांची जुई घंटीखाली जाऊन उभी राहिली होती. मान वर करून, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, “बाबा पुलावर चढला.”

 प्रणितला जाऊन सात महिने झाले होते.

मोरणी खाडीच्या अलीकडच्या काठावर, भाटवाडीत, घरटी अशी एक घंटी होती. पूल नव्हता तेव्हा खाडीच्या तोंडाशी आपल्या होडीचं शीड दिसलं की घरातली बाई आधण ठेवायची. होडी धक्क्याला लागेतो भात वाफेला यायचा. मग पूल झाला, माणसं पलीकडच्या बंदरात कंटेनरच्या यार्डांवर जायला लागली, आणि शिडं गेली. पुढे पुलाला जेव्हा माणसं ओळखता यायला लागली तेव्हा पुलाच्या कचेरीने घंट्या वाटल्या. आपल्या घरचं माणूस पलीकडच्या टोकाला पुलावर चढलं की आपल्याच घरची घंटी वाजणार, शेजारची नाही. बायकांनी ती एका आठवड्यात आपलीशी केली. शीड काय नि घंटी काय, भात वेळेवर पडल्याशी कारण.

प्रणितची पहिली पाळी दोनला सुटायची. दोन बावीसला घंटी. पाऊण तासाच्या आत तो जेवून, जुईला पोटावर घेऊन झोपलेला असायचा.

कार्तिकात त्याला यार्डातच ताप भरला. तिथूनच त्याला पलीकडच्या इस्पितळात नेलं. पाचव्या दिवशी तो घरी आला तो याच पुलावरून, पण रुग्णवाहिकेतून, आणि रुग्णवाहिकेच्या चाकांचा ठेका पुलाला त्याचा म्हणून ठाऊक नव्हता. घंटी वाजली नाही. केतकीला त्या दिवसाचं बाकी फारसं आठवत नसे. घंटी वाजली नाही, एवढं मात्र आठवे.

कपाटात घड्या ठेवून तिने चपला घातल्या. बाहेर पडताना तिने पातेल्याखालची आच बारीक केली. सासूबाई पातेल्याकडे बघत उभ्या होत्या. आपण काय केलं ते त्यांना आत्ता कळत होतं. केतकी म्हणाली, “कचेरीत जाऊन येते, आई. काहीतरी चुकलंय.”

चूक तिचीच होती. हे तिला वाटेतच, चिंचेपाशी, कळलं.

केतकी पुलाच्या कचेरीत खिंडीचं काम बघायची. खिंड म्हणजे वाहतुकीतली. पुलावरून दिवसाला अठ्ठावीस हजार गाड्या जात. तो बंद केला तर खाडीला सेहेचाळीस किलोमीटरचा वळसा, आणि डायलिसिसवाले, बाळंतिणी, परीक्षेची पोरं सगळी त्या वळशात. खांब धडधाकट होते. कुजली होती ती पाठ, गाड्या जिच्यावरून धावतात ती. म्हणून पूल चालू ठेवून त्याची पाठ बदलायची असं ठरलं. पाठीचे आडवे शहाण्णव तुकडे कापायचे, प्रत्येकाला म्हणायचं पट्टी. नवी पट्टी बार्जवर ठेवून पुलाखाली आणायची. समुद्राची भरती बार्जला आपसूक वर उचलते, उरलेलं हातभर अंतर जॅक उचलतात. जुनी खाली, नवी वर. एका पट्टीला अकरा मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ पुलावर एकही चाक नको.

ही अकरा मिनिटं कुणाला न थांबवता मिळवायची, ही त्यातली किमया. तीस किलोमीटरवरच्या सिग्नलला एखादा ट्रक नऊ सेकंद जास्त उभा राहायचा. कुठे वेगमर्यादेच्या पाटीवर पन्नासचे सत्तेचाळीस व्हायचे. टोलची एक खिडकी क्षणभर उशिरा उघडायची. साऱ्यांकडून चिमूट चिमूट वेळ गोळा करत आणलेली अकरा मिनिटांची मोकळी वाट बरोब्बर त्या क्षणी पुलावर येऊन पोचायची. ज्याच्याकडून घेतली त्याला पत्ता नसे. पंचाण्णव पट्ट्या बदलून झाल्या होत्या आणि पुलावरून रोज जाणाऱ्यांतल्या निम्म्यांना काम सुरू झाल्याचंही ठाऊक नव्हतं. जॅकवरचे कामगार केतकीला विचारायचे, “काय वहिनी, आज किती वेळ खिंड लढवताय?”

गाड्या कधी येणार ते आधी कळल्याशिवाय त्यांच्यात खिंड पाडता येत नाही. ते पूलच सांगायचा. त्याच्या पाठीत केसाएवढ्या काचेच्या तारा होत्या. वरून चाक गेलं की तारेतला उजेड थरथरतो. गाडीचं वजन, टायरातली हवा, स्प्रिंगांची उसळी, चालवणाऱ्याच्या हाताची सवय, या सगळ्यांचा मिळून एक ठेका होतो, आणि दोघांचा ठेका सारखा नसतो. अंधारात पायरवावरून आपण घरचं माणूस ओळखतो, तसंच. पलीकडच्या टोकाच्या सांध्यावर आल्यावर प्रणित मोटारसायकलची मूठ सैल सोडायचा. पुढचं चाक हळूच उतरायचं, मग अर्ध्या श्वासाने मागचं. जुईला पुढे टाकीवर बसवून न्यायला लागला तेव्हापासूनची सवय. ती बरोबर नसली तरी हात तेच करायचे. केतकीने तो ठेका पडद्यावर कितीदा पाहिला होता: एक लहान टेकडी, मग थोडं सपाट, मग मोठी.

रोजच्या माणसासाठी पूल रोज जागा धरून ठेवायचा. चार सेकंदांची. आला नाही तरी धरायचा. सुरुवातीला महिनाभर न आलेल्यांना तो आपोआप विसरत असे. पण त्या पहिल्याच वर्षी नऊ महिन्यांनी बोटीवरून परतलेला एक खलाशी आपल्या जुन्या वेळेला पुलावर आला तो थेट खिंडीत. अडसर पडला म्हणून वाचला. पट्टी दोन तास लोंबकळत राहिली. तेव्हापासून विसरण्याचं काम यंत्राकडून काढून घेतलं गेलं. ते घरच्या माणसाने करायचं. पूल दर सोमवारी विचारायचा, हे माणूस परत येणार का? उत्तर दिलं नाही तर जागा तशीच राहायची.

प्रणितबद्दल त्याने तीस सोमवार विचारलं होतं. प्रश्न केतकीच्याच पडद्यावर येई. ती दुसऱ्या कामाची खिडकी त्यावर ओढून घेई.

कचेरीत परकार मॅडम होत्या. रुबीना परकार, या कामाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, आवाज न चढवणाऱ्या, चहा बशीतच पिणाऱ्या. काठावरच्या मांडवात शहाण्णवावी पट्टी ठेवलेली होती आणि तिची शिकवणी चालू होती. नवी पट्टी कोरी असते, तिला कुणीच ओळखू येत नाही. म्हणून जुन्या पट्टीच्या आठवणीतला एक आख्खा दिवस, खालून हलवणाऱ्या यंत्रांनी, जसाच्या तसा तिच्या अंगावर वाजवतात. ही पलीकडच्या टोकाची, उंबऱ्याची पट्टी. माणूस पुलावर चढलं हे ओळखणारी हीच, म्हणून घंट्या हिच्याशीच जोडलेल्या. शिकवणीपुरत्या त्या सोडवून ठेवायच्या होत्या. केतकीने वाडीच्या सगळ्या घंट्या सोडवल्या होत्या. तिच्या घरची घंटी वाडीच्या यादीत नव्हती, ती कचेरीच्या लोकांच्या यादीत होती.

परकार मॅडमनी ऐकून घेतलं. मग शिकवणीचा दिवस कुठला निवडला ते विचारलं.

नऊ ऑक्टोबर. कोरडा दिवस, पूर्ण वाहतूक, संप नाही, बाजार नाही, असं केतकीने सांगितलं. ते खरं होतं. तसे चार दिवस सापडले होते आणि त्यांतले दोन डिसेंबरातले होते, हेही खरं होतं. ते तिने सांगितलं नाही. आपण बघून निवडला की न बघता, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं.  आतून बऱ्याच दिवसांत कशाचंच उत्तर येत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, शिकवणी चांगली झालीय, ती राहू दे. अडचण वेगळीच आहे.

गुरुवारची तृतीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे वाडीतलं पोरही सांगेल, तृतीयेला सव्वादोन. पलीकडच्या टोकाला पाणी उथळ, बार्ज आत शिरायचं तर उधाणाचीच भरती हवी. त्यापुढचं उधाण पंधरवड्याने, आणि तोवर समुद्र बार्जला लागू देणार नाही. म्हणजे गुरुवारी दोन वीसला पट्टी बसली तर बसली. नाहीतर कुजलेली जुनी पट्टी पावसाळाभर राहणार, आणि तिच्यावरून एसटी, ट्रक, रुग्णवाहिका, कुणालाच सोडता येणार नाही. चार महिने सेहेचाळीस किलोमीटर.

त्या वेळची खिंड यंत्र दहा मिनिटं अडतीस सेकंदांची सांगत होतं.

“बावीस सेकंद कमी,” मॅडम म्हणाल्या. “अकरा भरल्याशिवाय जॅकचं कुलूप उघडत नाही. आणि उघडावं असं मलाही वाटत नाही.” त्यांनी यादी पुढे सरकवली. दोन वीसच्या आसपासची, बरेच दिवस न दिसलेली, पण जागा राखलेली माणसं. नऊ होती. “घरोघरी फोन कर. जी येणार नाहीत त्यांच्या जागा सुटू देत.”

नवव्या नावावर त्यांचं बोट गेलं नाही. बशीतला चहा मात्र त्यांनी तसाच ठेवला.

संध्याकाळी जुईला काहीतरी सांगणं भाग होतं. केतकीने खरं तेच सांगितलं. नवी पट्टी शाळेत गेली होती, आणि तिला आपल्या वाडीतल्या माणसांची पावलं शिकवत होते. त्यात बाबाचंही होतं. बाबा आला नव्हता, त्याचं शिकवलेलं पाऊल वाजलं होतं. जुईने नीट ऐकलं. पट्टीला मारतात का, हे विचारलं. नाही म्हटल्यावर तिचं समाधान झालं. दुपारचा भात सासूबाईंनी फोडणीला टाकला होता, तो तिने सगळा खाल्ला.

बुधवारी केतकीने घरूनच फोन केले. जुई तिच्या पायाशी बाहुल्या मांडून बसली होती.

पहिल्या घरी स्कूटर विकली होती. काढा नाव, आणि गिऱ्हाईकाने अजून निम्मे पैसे दिले नाहीत, तेही लिहून घ्या, असं ते गृहस्थ म्हणाले. दुसरं कुटुंब मुलांच्या शाळेसाठी पनवेलला गेलं होतं. तिसरे मास्तर निवृत्त झाले होते. पूल आपली अजून वाट बघतोय हे ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं, की जागा सोडवून घेताना केतकीला त्यांची दहा मिनिटं समजूत घालावी लागली. चौथ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, किल्ली मुलाने लपवली होती.

पाचव्या घरी खलाशाची बायको. बोट कुठे आहे ते कंपनी सांगत नाही, पण तो उद्याही येऊन उभा राहील, त्याला सांगून यायची सवय नाही. जागा ठेवा. सहाव्या घरचा जावई रुसून गेला होता. सासू म्हणाली, त्याचा राग आधी संपतो की भूक आधी लागते, तेवढंच. जेवायच्याच वेळेला येईल. ठेवा. सातव्या घरचा मुलगा मुंबईला इस्पितळात, आज सोडतील की उद्या ते डॉक्टरच जाणोत. ठेवा.

आठव्या घरी एका बाईंनी फोन घेतला. केतकीने ठरलेलं वाक्य म्हटलं: तुमच्या घरची गाडी बरेच दिवस पुलावर दिसली नाही, परत येणार आहे का?

“ते गेले हो, माघात,” बाई म्हणाल्या. “काढा नाव.”

केतकीने काढलं. तिचा हात थांबला नाही.

“आणि ती घंटी परत घेऊन जा,” बाई पुढे म्हणाल्या. “चांगली आहे, कुणाच्या तरी कामाला येईल.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “सकाळपासून फोनच करताय वाटतं. जेवलात का?”

केतकी हो म्हणाली. जेवली नव्हती.

पाच जागा सुटल्या. वीस सेकंद. खिंड दहा मिनिटं अठ्ठावन्नावर आली.

तिच्या पायाशी जुईने आपली चप्पल कानाला लावली होती. बाहुलीला ती विचारत होती, “हॅलो, तुमची गाडी दिसत नाही. येणार का? जागा ठेवू का?” बाहुलीने काहीतरी उत्तर दिलं असावं, कारण जुईने मान डोलावली आणि बाहुलीला ओळीत पुढे बसवलं. दुसरी मात्र तिने आडवी ठेवली.

दिवेलागणीला सासूबाई सुपात जवळा घोळत बसल्या. केतकी शेजारी बसून काड्या वेचायला लागली. प्रणितबद्दल त्या दोघी बोलत नसत. भांडण नव्हतं, एकाच खोलीत झोपलेल्या दोघांनी एकमेकांची झोप मोडू नये म्हणून हळू वावरावं, तसं चाललं होतं. आज केतकीने सांगितलं. पूल त्याची जागा धरून आहे. दोन सेकंद कमी पडताहेत.

सासूबाईंचं सूप चालूच राहिलं.

“माझ्या बापाची होडी फुटली तेव्हा मी जुईएवढी,” त्या म्हणाल्या. “आय सात वर्षं त्याची ओंजळ टाकायची. उरलेला भात कोंबड्यांना. ओंजळ कमी कर, असं बाईला कुणी सांगत नाही गो. रीत आहे आपल्यात. तिची तिनंच करायची.”

केतकीने विचारलं, मग सात वर्षांनी काय झालं?

“काय व्हायचंय. एक दिवस टाकली नाही. आम्ही जेवलो.”

सुपातली फोलपटं त्यांनी फुंकून उडवली. “प्रणितची मी पंधराव्या दिवशीच थांबवली होती. माझं पोर होतं. मला ठाऊक झालं होतं. काल घंटी ऐकली नि हात गेला.” मग पहिल्यांदाच त्यांनी केतकीकडे पाहिलं. “पुलाला अजून टाकायला कोण सांगतंय?”

केतकी काड्या वेचत राहिली. जवळ्यातल्या काड्या संपल्या तरी तिची बोटं वेचत होती. सासूबाईंनी सूप उचललं आणि आत गेल्या. जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला, की तोल सांभाळायला टेकला, हे केतकीला कळलं नाही.

गुरुवारी पाणी सकाळपासून चढत होतं. एकला बार्ज पलीकडच्या टोकाकडे निघाला. कचेरीच्या खिडकीतून पट्टी दिसत होती, करडी, कोरी, एखाद्या पाटीसारखी.

दीड वाजता परकार मॅडम केतकीच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या. खिंड अजून दहा अठ्ठावन्नच होती. “माझ्या सहीनं होईल,” त्या हळू म्हणाल्या. “घरचं माणूस नसलं तर प्रमुखानं करायचं, अशी सोय आहे. तू बाहेर जाऊन चहा घेऊन ये.”

केतकीने विचार केला. खरं तर विचार असा नव्हताच. पलीकडे यार्डाच्या शेडमध्ये प्रणितची मोटारसायकल अजून उभी होती. तिच्या सीटवर धूळ असेल, आरशाला जुईने चिकटवलेलं मोराचं चित्र असेल. ती कुणी घरी आणली तरी घंटी वाजणार नव्हती, कारण सांध्यावर मूठ सैल सोडणारे हात तिच्यावर नसतील. हे तिला सात महिने ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि ओंजळ न टाकणं यांच्यात किती अंतर असतं, ते मात्र कुठल्या तारेने मोजलं नव्हतं.

“घरचं माणूस आहे, मॅडम,” ती म्हणाली.

तिने वरची खिडकी बाजूला ओढली. खाली प्रश्न होता, तिसाव्या सोमवारचा. मोटारसायकल, दुपारी दोन बावीस. हे माणूस परत येणार का? दोन चौकटी होत्या, हो आणि नाही. तिने दुसरीवर बोट ठेवलं. यंत्राने पुन्हा विचारलं, नक्की का, कारण या उत्तराने नव्या पट्टीच्या आठवणीतूनही हा ठेका जाईल. तिने पुन्हा बोट ठेवलं.

आकडा हलला. अकरा मिनिटं दोन सेकंद.

दोनच्या सुमारास केतकी आणि मॅडम पलीकडच्या टोकाला, जॅकपाशी, पोचल्या. दोन वीसला खिंड आली. दोन्ही बाजूंच्या शेवटच्या गाड्या निघून गेल्या, आणि त्यांच्यामागे काही नव्हतं. अडसर नाही, शिट्टी नाही, नुसता रिकामा रस्ता. अठ्ठावीस हजार गाड्यांची सवय असलेली हवा एकदम मोकळी झाली की कानांना दडे बसल्यासारखं होतं. कामगार त्या वेळी आपोआप हळू बोलत. जुनी पट्टी खाली गेली. पुलाच्या पाठीत एक चौकोन उघडा पडला आणि त्यातून खाडीचं हिरवं पाणी दिसलं. दोन बावीस झाले. चौकोन तसाच उघडा होता. केतकी हातातल्या पडद्याकडे नाही, त्या पाण्याकडे बघत होती. दोन तेवीस झाले.

नवी पट्टी वर आली, बसली, कुलपं लागली. दोन एकतीसला पलीकडून एक लाल एसटी आली आणि त्या पट्टीवरून धडधडत गेली. ड्रायव्हर जांभई देत होता.

कामगारांनी नारळ फोडला. परकार मॅडमनी खोबऱ्याचा तुकडा केतकीच्या हातात ठेवला आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.  केतकीला हात गरम लागले. बऱ्याच दिवसांत तिला कशाचं गरम-गार जाणवलेलं हे पहिलंच.

घरी आली तेव्हा चार वाजले होते. सासूबाईंनी तिच्यासाठी जेवण झाकून ठेवलं होतं. भात, सुक्या जवळ्याचं कालवण. पातेलं रिकामं होतं, तळाशी चिकटलेली चार शितं सोडली तर. केतकी जेवली. सगळं जेवली. खोबऱ्याचा तुकडा तिने जुईला दिला.

जुईने तो दोन्ही हातांत धरून कुरतडला. भिंतीखाली तिच्या बाहुल्या ओळीत बसल्या होत्या, एक आडवी. घंटीकडे एकदा बघून तिने विचारलं, पट्टी बसली का? केतकी म्हणाली, बसली. आता ती सगळ्यांना ओळखते का? हो. तू सगळ्यांना फोन केलेस का? केले.

जुई उठून तिच्या मांडीवर येऊन बसली. पाठ तिच्या छातीला टेकवून, प्रणितच्या गाडीच्या टाकीवर बसायची तशी, दोन्ही पाय सोडून. केसांना खोबऱ्याचा आणि उन्हाचा वास होता.

“पुलाने आपल्याला पण विचारलं?”

“विचारलं,” केतकी म्हणाली.

जुईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“मग तू काय सांगितलंस?”